अनेक मालकांच्या क्लाउडवर एक राखणदार

‘क्लाउड’ ह्या शब्दाने सामान्य माणसाची जेवढी दिशाभूल केली आहे, तेवढी अलीकडच्या काळात क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाने केली असेल. क्लाउड म्हणजे ढग. ढग म्हटला की तो आकाशात असतो, त्याला कोणी मालक नसतो, आणि तो सर्वांवर सारखाच बरसतो. प्रत्यक्षात हा क्लाउड जमिनीवर आहे, भिंतींच्या आत आहे, कुलपांच्या आड आहे आणि त्याला मालक आहेत. तेही मोजके. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल ह्या तीन अमेरिकन कंपन्यांकडे जगातील ह्या धंद्याचा निम्म्याहून अधिक भाग आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे आपली केंद्रे उघडली. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत व २०२२ साली हैदराबादेत. गूगलने २०१७ साली मुंबईत व २०२१ साली दिल्लीत. तेव्हा ज्याला आपण ‘ढगात ठेवले’ असे म्हणतो, ते आपल्या राहत्या गावापासून दोन-चार तासांच्या वाटेवर असू शकते.

ह्या केंद्रांत हजारो संगणक फळ्यांवर मांडलेले असतात आणि ते तासाच्या, मिनिटाच्या, कधी सेकंदाच्या भाड्याने दिले जातात. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट अपरिचित वाटणार नाही. एके काळी प्रत्येक गिरणीचे स्वतःचे बॉयलर आणि स्वतःचे इंजिन असे. १९१५ साली टाटांची खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली आणि गिरण्यांनी शक्ती बाहेरून विकत घेण्यास आरंभ केला. बँका, रुग्णालये, विद्यापीठे, दुकाने ह्यांनी संगणकाच्या बाबतीत आता तेच केले आहे. फरक इतकाच की, वीज गिरणीत आली तरी माग आणि सूत गिरणीतच राहिले होते. येथे मागही दुसऱ्याच्या आवारात आहे, आणि सूतही.

आता आपले सामान दुसऱ्याच्या आवारात असेल, तर ते ठीक आहे की नाही हे आपणांस कसे कळावे? आणि आवार एकाचे नसून तीन मालकांची तीन आवारे असतील तर? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. विषय तांत्रिक आहे खरा. परंतु ज्यांची निवृत्तिवेतने, पगार आणि रुग्णालयांतील कागद त्या आवारांत पडलेले आहेत, त्यांनी तो केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

प्रथम, एकाऐवजी तीन मालक कोणी आणि का पत्करावे? कारणे निरनिराळी आहेत. कोणाला दरात घासाघीस करता यावी असे वाटते. कोठे दोन कंपन्या एकत्र होतात आणि दोघींचे पुरवठादार वेगळे निघतात. कोठे एका खात्याने हा घेतला, दुसऱ्याने तो घेतला, आणि वरिष्ठांना ते दोन वर्षांनी कळले. ह्या शेवटच्या कारणाचा उल्लेख कंपन्यांच्या पत्रकांत सापडत नाही, पण माझ्या समजुतीप्रमाणे ते दुर्मीळ नाही. सर्वांत गंभीर कारण मात्र भीतीचे आहे, आणि ती भीती निराधार नाही.

ऑस्ट्रेलियात युनिसुपर नावाचा निवृत्तिवेतन निधी आहे. विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत काम करणाऱ्यांची पुंजी त्यात असते. सभासद सहा लाखांहून अधिक, आणि पुंजी शंभर अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या पुढे. मे २०२४ च्या आरंभी ह्या निधीचे गूगलच्या आवारातील एक संगणकीय बिऱ्हाड एकाएकी नाहीसे झाले. हल्ला नव्हता, आग नव्हती. २०२३ मध्ये गूगलच्या कर्मचाऱ्यांनी ते बिऱ्हाड उभारताना अंतर्गत साधनातील एक रकाना रिकामा ठेवला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ यंत्राने ‘मुदत एक वर्ष’ असा घेतला. वर्ष भरले आणि यंत्राने बिऱ्हाड पुसून टाकले. ग्राहकाने स्वतः पुसण्यास सांगितले असते तर आधी सूचना गेली असती. येथे ती गेलीच नाही. सुमारे आठवडाभर सभासदांना आपली खाती पाहता आली नाहीत. पैसा बुडाला नाही, आणि काम पुन्हा उभे राहिले. त्यात निधीने आपल्या माहितीची एक प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेली होती, तिचा मोठा हातभार लागला. गूगलच्या क्लाउड विभागाच्या प्रमुखांनी निधीच्या प्रमुखांसह संयुक्त निवेदन काढून असा प्रकार पूर्वी जगात कोणत्याही ग्राहकाच्या बाबतीत घडला नव्हता असे सांगितले. सहा लाख कामकरी माणसांना त्या आठवड्यात ह्या निवेदनाने किती दिलासा मिळाला असेल, ह्याची कल्पना आपणच करावी.

तेव्हा दुसरे आवार हवे. परंतु आवारे वाढली की राखण अवघड होते.

राखण करणारा नेमके काय पाहतो? तीन गोष्टी. पहिली, आकडे: सेकंदाला किती मागण्या आल्या, किती फसल्या, किती वेळ लागला, यंत्र किती भरले. बॉयलरवरच्या दाबाच्या काट्यासारखे हे आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली आपल्या कामाच्या पद्धतीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात हेच चार आकडे मुख्य मानले आहेत. दुसरी गोष्ट, नोंदी: प्रत्येक घटनेची एक ओळ, वेळेसह. तिसरी गोष्ट, माग. म्हणजे एका मागणीचा आरंभापासून शेवटापर्यंतचा प्रवास.

ह्या तिसऱ्या गोष्टीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण अनेक मालकांच्या व्यवहारात खरी अडचण येथेच येते. समजा, एका गृहस्थाने फोनवरून गाडीचे तिकीट काढले. तिकिटाचे पान एका आवारातून आले, पैशाचा व्यवहार दुसऱ्या आवारात झाला, आणि ‘तिकीट पक्के’ हा संदेश तिसऱ्यातून निघाला. सर्व मिळून एका सेकंदाचे काम. त्याला लागली अकरा सेकंदे, आणि गृहस्थाने कंटाळून दुसऱ्यांदा कळ दाबली. विलंब कोठे झाला? पहिले आवार म्हणते, आमच्याकडे अर्ज थांबलाच नाही. दुसरे म्हणते, आम्ही आला तसा पुढे पाठविला. तिसरे म्हणते, आमच्याकडे तो उशिराच आला. कचेरीत ज्यांनी फायली हिंडविल्या आहेत, त्यांना हा संवाद पाठ असेल. कचेरीत ह्यावर उपाय काय? आवक क्रमांक. दारातच अर्जाला क्रमांक द्यावयाचा, आणि प्रत्येक टेबलावर तो क्रमांक व वेळ लिहावयाची. संगणकांतही अगदी हेच करतात. आपल्या यंत्रणेत ही पद्धत कशी बसविली ते गूगलने २०१० मध्ये एका निबंधातून प्रसिद्ध केले. परंतु एका घरातला क्रमांक दुसऱ्या घरात समजावा, तर तो लिहिण्याची रीत एक हवी. वेबची मानके ठरविणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी ह्या संस्थेने २०२० मध्ये ती रीत ठरवून दिली. त्याच्या आदल्या वर्षी ओपनटेलिमेट्री नावाचा एक खुला उपक्रम सुरू झाला. आकडे, नोंदी व माग ही तिन्ही कोणत्याही मालकाच्या यंत्रातून एकाच नमुन्यात बाहेर पडावी, हा त्याचा उद्देश. हा उपक्रम कोणा एकाच्या मालकीचा नाही, हे मला त्यातले विशेष वाटते.

मोजमापांचा घोळ अजून निराळाच आहे. ॲमेझॉनचे भाड्याचे यंत्र, वेगळे पैसे न भरल्यास, आपले आकडे पाच मिनिटांनी एकदा देते; मायक्रोसॉफ्टचे मिनिटाला. पाच मिनिटांच्या सरासरीत एका मिनिटाचा झटका बुडून जातो. ॲमेझॉन आकडे पंधरा महिने ठेवते, पण जुने होत जातील तसे ते घाऊक करून. मायक्रोसॉफ्ट ठेवते ९३ दिवस. म्हणजे गतवर्षीच्या दिवाळीशी यंदाच्या दिवाळीची तुलना एका आवारात करता येते, दुसऱ्यात आपणच ते आकडे अन्यत्र साठविले असतील तर येते. शिवाय मालकाला भाड्याच्या खोलीच्या आतले सर्व दिसत नाही. ॲमेझॉनच्या यंत्राची स्मृती किती भरली आहे हे पाहण्यास आपलाच एक छोटा कार्यक्रम आत बसवावा लागतो.

सरासरीबद्दल जाता जाता दोन शब्द. शंभर मागण्यांपैकी नव्याण्णव एका सेकंदाच्या दहाव्या भागात पुऱ्या झाल्या आणि एकीला दहा सेकंदे लागली, तरी सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाहून जास्त भरत नाही. व्यवस्थापकाचा पगार मिळवून कारखान्याच्या सरासरी वेतनाचा आकडा आमच्यापुढे टाकला जातो, तेव्हा आम्ही युनियनचे लोक काय करतो? तळच्या माणसाला किती मिळते ते विचारतो. राखणदारानेही तेच विचारावे: शंभरातील सर्वांत रखडलेल्या एकाला किती वेळ लागला? एखादे पान तयार होण्यास शंभर यंत्रांची मदत लागत असेल आणि प्रत्येक यंत्र शंभरात एकदाच रखडत असेल, तर शंभरापैकी सुमारे त्रेसष्ट लोकांना ते पान रखडलेलेच मिळणार. हिशेब साधा आहे. कोणीही करून पाहावा.

आणि घड्याळ. तीन आवारांतील नोंदी एका ओळीत लावावयाच्या, तर तिन्हींची घड्याळे जुळली पाहिजेत. नाही तर परिणाम आधी आणि कारण मागून, असे दिसू लागते. घड्याळ जुळविणे ही क्षुल्लक गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मुंबईचा इतिहास पाहावा. भारताची प्रमाणवेळ आणि मुंबईची वेळ ह्यांत एकोणचाळीस मिनिटांचे अंतर होते. जानेवारी १९०६ मध्ये जेकब ससून गिरणीत नव्या वेळेने काम सुरू झाले, तेव्हा कामगारांनी त्याविरुद्ध काम थांबविले. आणि मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. एका शहरात दोन घड्याळे दीर्घकाळ नांदली. संगणकांत ती पन्नास मिलिसेकंदेही नांदून चालत नाहीत. आपल्या देशात सर्ट-इन ह्या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला. त्याप्रमाणे संगणकांची घड्याळे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या किंवा एन.आय.सी.च्या घड्याळाशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या घड्याळाशी लावावयाची. नोंदी १८० दिवस जपावयाच्या. आणि सुरक्षेस धक्का देणारी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावयाची.

येथवर राखण कशाची करावयाची ते झाले. आता राखणदाराने उभे कोठे राहावयाचे, हा मुख्य प्रश्न. प्रत्येक मालक आपल्या आवारात आपला राखणदार देतो. ॲमेझॉनचा क्लाउडवॉच आहे, मायक्रोसॉफ्टचा अझूर मॉनिटर आहे, गूगलचाही आहे. शिवाय प्रत्येक मालकाने जगासाठी एक फलक लावलेला असतो: आमची अमुक सेवा चालू, तमुक बंद. मग वेगळा राखणदार कशाला? ह्याचे उत्तर मी माझ्या मताने देत नाही, मालकांनीच प्रसिद्ध केलेल्या निवेदनांवरून देतो.

२८ फेब्रुवारी २०१७. ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया येथील केंद्रात हिशेबाची एक यंत्रणा संथ चालली होती. ती तपासताना एका अधिकृत कर्मचाऱ्याने काही थोडी यंत्रे काढून घेण्याची आज्ञा दिली. आज्ञेतील एक भाग चुकीचा पडला आणि अपेक्षेहून कितीतरी अधिक यंत्रे निघाली. साठवणीची सेवा चार तासांहून अधिक विस्कळीत झाली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या असंख्य सेवाही. त्या वेळी कंपनीचा फलक काय दाखवीत होता? जवळजवळ दोन तास त्याच्यावरील सेवांची स्थिती बदलताच आली नाही, कारण फलक चालविणारी व्यवस्था त्याच साठवणीच्या सेवेवर टेकलेली होती. तोवर कंपनीला ट्विटरवरून सांगावे लागले की काही तरी बिघडले आहे.

७ डिसेंबर २०२१. तेच केंद्र. आतल्या जाळ्यात वाहतूक कोंडली. ह्या वेळी ग्राहकांचे जाऊ द्या, कंपनीच्या स्वतःच्या तंत्रज्ञांना ताजे आकडे मिळेनात. कारण ते आकडे त्याच कोंडलेल्या रस्त्याने येत होते. नोंदी वाचून, अंदाज बांधून त्यांना वाट काढावी लागली.

१२ जून २०२५. गूगलमध्ये प्रत्येक मागणी परवानगीस पात्र आहे की नाही हे तपासणारा एक पहारा आहे. त्याच्या नव्या भागात एक दोष होता. काही रकाने रिकामे असलेली एक सूचना आली (पुन्हा रिकामे रकाने!), ती काही सेकंदांत जगभर पसरली आणि तो पहारा सर्वत्र कोसळू लागला. दोन मिनिटांत तंत्रज्ञ कामाला लागले, दहा मिनिटांत मूळ सापडले. हे काम वाखाणण्याजोगे आहे आणि ते करणाऱ्यांचे कौतुक केलेच पाहिजे. परंतु ग्राहकांच्या फलकावर पहिली सूचना लागण्यास सुमारे एक तास लागला, कारण फलकाची व्यवस्थाच कोसळलेली होती. आणि गूगलने आपल्या निवेदनात आणखीही एक गोष्ट मान्य केली: ज्या ग्राहकांनी आपला राखणदार गूगलच्याच आवारात ठेवला होता, त्यांतील काहींचा राखणदारही बंद पडला, आणि आपल्या धंद्याचे काय झाले आहे ह्याची कसलीच खूण त्यांना मिळाली नाही.

त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टच्या प्रवेशद्वाराच्या सेवेत एक चुकीची मांडणी शिरली. ज्या खिडकीतून ग्राहक आपली यंत्रे पाहतात, ती खिडकीही त्याच दाराच्या आत होती. मायक्रोसॉफ्टने ती दुसऱ्या वाटेने उघडून दिली, तोवर कित्येकांना आत डोकावता आले नाही.

ह्या मंडळींनी हे मुद्दाम केले, असा आरोप मी करीत नाही. मालकाने दिलेला राखणदार खोटे बोलतो असेही नाही. तो मालकाच्याच छपराखाली बसलेला आहे, आणि छप्पर कोसळले की तोही त्याखाली सापडतो, इतकेच. बॉयलरच्या बाबतीत समाजाला ही गोष्ट फार माणसे मेल्यावर कळली. १९२३ च्या बॉयलर कायद्याने आपल्या देशात बॉयलरची तपासणी कारखानदाराच्या हाती न ठेवता सरकारी निरीक्षकाकडे दिली. कारखानदार अप्रामाणिकच असतो, असे काही कायद्याने गृहीत धरले नव्हते.

म्हणून राखणदार बाहेर उभा करावा. प्रत्यक्षात ते कसे करतात? एक तर गिऱ्हाईक बनून. जगातील निरनिराळ्या गावांतून, मालकांच्या आवारांबाहेरून, दर मिनिटाला एक खोटे गिऱ्हाईक दार ठोठावते: पान उघडते का, शोध लागतो का, पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत जाता येते का. आत सगळे काटे हिरवे असोत, दार उघडले नाही तर दुकान बंद. दुसरे, आतले आकडे बाहेर आणून एका जागी मांडून. बर्लिनमधील साउंडक्लाउड ह्या संगीताच्या कंपनीत २०१२ साली ह्या कामासाठी प्रॉमिथिअस नावाचे साधन जन्माला आले. आज ते कोणालाही फुकट वापरता येते. त्याची रीत मला मुकादमाच्या फेरीसारखी वाटते. यंत्राने आपण होऊन वर्दी द्यावी अशी ते वाट पाहत नाही. ठरल्या वेळी स्वतः प्रत्येक यंत्राकडे जाऊन आकडे विचारते, आणि ज्याने उत्तर दिले नाही त्याचे मौन हीच बातमी समजते.

बाहेर आणण्याला पैसे पडतात, हेही सांगितले पाहिजे. क्लाउडच्या आवारात माल आत नेणे बहुधा फुकट असते, बाहेर काढताना जकात लागते. ॲमेझॉनचा अमेरिकेतील पहिल्या टप्प्याचा दर गिगाबाइटमागे साधारण नऊ सेंट आहे. नोंदी अफाट असतात. सर्वच बाहेर आणल्या तर राखणीचा खर्च दुकानाच्या भाड्याच्या वर जावयाचा. म्हणून फसलेल्या मागण्यांचा माग पुरा ठेवतात, आणि सुरळीत गेलेल्यांपैकी शंभरांतील एखादीचा. हा शहाणपणाचा काटकसरीपणा आहे, परंतु काय टाकावयाचे हे जमाखर्च पाहणाऱ्याने एकट्याने ठरवू नये.

बाहेरचा राखणदार म्हणजे सर्व रोगांवर औषध, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. डेटाडॉग ही कंपनी इतरांच्या यंत्रांवर देखरेख करण्याचाच धंदा करते, आणि तिचे स्वतःचे काम ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट व गूगल ह्या तिघांच्याही आवारांत विभागलेले आहे. ८ मार्च २०२३ रोजी ती तिन्ही ठिकाणी एकदमच पडली. कारण? तिन्ही आवारांतील तिच्या यंत्रांवर एकच कार्यप्रणाली होती, आणि तिची सुरक्षा-सुधारणा आपोआप, दिवसाच्या ठरलेल्या त्याच तासात लागत असे. त्या सुधारणेने हजारो यंत्रांचे जाळ्यातले रस्ते पुसून टाकले. सेवा पूर्ववत होण्यास दुसरा दिवस उजाडला. मालक तीन होते, पण किल्ली एकच होती. तीन आवारांचे भाडे भरणाऱ्याने, ह्या तिघांत समाईक काय आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रात नावांवरून पत्ते सांगणाऱ्या वहीतील एक नोंद कोरी झाली. तेव्हा कितीतरी लोकांना प्रथमच कळले की, त्यांनी कधी भाड्याने न घेतलेल्या त्या केंद्रावर त्यांची साखळी कोठे तरी अडकलेली होती. सिग्नल आणि स्नॅपचॅट ह्या निरोपांच्या सेवाही त्या दिवशी अडखळल्या.

ह्या सर्वाला पैशाचीही एक बाजू आहे. पुरवठादार करारात लिहून देतो की सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील. ऐकण्यास भरगच्च वाटते. हिशेब केला तर तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटे बंद राहण्याची ती मुभा आहे. ९९.९९ टक्के म्हणजे सव्वाचार मिनिटांहून थोडी अधिक. त्याहून जास्त बंद राहिली तर भाड्यात काही सूट मिळते. परंतु ही सूट बहुधा आपोआप मिळत नाही. ॲमेझॉनच्या करारांत ग्राहकाने मुदतीत मागणी करावयाची, घटनेच्या तारखा-वेळा द्यावयाच्या आणि आपल्या नोंदी पुरावा म्हणून जोडावयाच्या असतात. ज्याच्याजवळ स्वतःच्या नोंदी नाहीत, तो काय जोडणार?

एका कारखान्यात ओव्हरटाइमच्या तासांचा तंटा आमच्याकडे आला होता. हजेरीपुस्तक व्यवस्थापनाच्या ताब्यात, आणि त्यात तास कमी. तंटा मिटला तो एका फिटरच्या खिशातील वहीमुळे. त्याने वर्षभर रोज आत येण्याची व बाहेर पडण्याची वेळ पेन्सिलीने लिहिली होती. त्यातल्या बऱ्याच तारखा फाटकावरच्या मालगाड्यांच्या पावत्यांशी जुळल्या. क्लाउडच्या ग्राहकाची वही ती हीच.

शेवटी माणूस. आकडे, नोंदी, माग, फलक हे सर्व जमविल्यावर मध्यरात्री कोणाच्या तरी उशाशी फोन वाजतो. इशारे फार झाले की माणूस ते ऐकेनासा होतो. रोज चाळीस वेळा उगीच वाजणारी घंटा एकेचाळिसाव्या वेळी खरी असेल, हे त्याला कोणी सांगावे? म्हणून जाणते लोक यंत्राच्या प्रत्येक कण्हण्यावर घंटा लावीत नाहीत. ग्राहकाला त्रास होत असेल तेव्हाच लावतात. आणि एक उलटी घंटाही ठेवतात: राखणदाराने दर काही मिनिटांनी ‘मी जागा आहे’ असे दुसऱ्या ठिकाणी कळवावयाचे, ते कळविणे थांबले की घंटा वाजते. तो दुसरा अर्थात वेगळ्या आवारात बसलेला असावा लागतो.

गूगलच्या ज्या पुस्तकाचा मी मघाशी उल्लेख केला, त्यात ह्या पहाऱ्याविषयी स्पष्ट लिहिले आहे. बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा अधिक प्रसंग एका माणसावर येऊ नयेत, कारण एक प्रसंग निस्तरून त्याचा शोध संपविण्यास सहा तास जातात. आणि एका ठिकाणाहून अहोरात्र पहारा द्यावयाचा तर पाळीसाठी किमान आठ माणसे हवीत. हे कोणा युनियनच्या मागणीपत्रकातले वाक्य नाही, हे ध्यानात घ्यावे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ साली बेल्जियममधील एका अग्निशामक स्वयंसेवकाच्या दाव्यात असा निर्णय दिला की, आठ मिनिटांत कामावर हजर होण्याच्या बंधनाने घरी थांबविलेला वेळ हा कामाचाच वेळ होय. आपल्याकडे फोन उशाशी घेऊन झोपणाऱ्या मुलामुलींचे तास बहुतेक ठिकाणी कोणत्याही पुस्तकात चढत नाहीत. यंत्रांचे मिलिसेकंद मोजणाऱ्या कचेऱ्यांत हे घडते.

आपल्यापैकी पुष्कळ जण एखाद्या सहकारी बँकेचे, पतपेढीचे, गृहनिर्माण संस्थेचे सभासद आहेत. वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारण्याची आपणांस सवय आहे. त्याच सभेत विचारावे की, आपले हिशेब कोणाच्या आवारात आहेत. ते आवार बंद पडले तर आपल्याला प्रथम कोण कळविणार, तोच मालक की दुसरे कोणी. दुसरी प्रत कोठे आहे, आणि ती उघडून शेवटी कधी पाहिली. आणि रात्री फोन उचलणारी माणसे किती आहेत.